सॅकमध्ये काय असावे, याविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र दोन्ही मिळाले. पलंगावर चादर पसरून सॅकमधली एकेक वस्तू तू अशी हारीने मांडली आहेस, की दसऱ्याला पूजेसाठी मांडलेल्या शस्त्रांची आठवण झाली. मी मोजून पाहिले. तीन वह्या, चोवीस रंगांची पेटी, कापडी पट्ट्यात गुंडाळलेले अकरा ब्रश, सात पेने, टॅबलेट, त्याचा चार्जर, पॉवर बँक, हेडफोन, जेवणाचा डबा, बाटली, छत्री आणि कोपऱ्यात एक युकुलेले. हे सगळे दाखवून झाल्यावर तू विचारतेस की आता पुढे काय घेऊ.

पुढचे सहा महिने काहीही घेऊ नकोस. डोंबिवलीहून सकाळच्या ज्या गाडीने तू कॉलेजला येतेस, त्या गाडीत ही सॅक पाठीवरून पोटावर घ्यावी लागते आणि तशा गर्दीत तिची चेनसुद्धा उघडता येत नाही. म्हणजे येता-जाता मिळून दिवसाचे अडीच तास, शेकडो चेहरे आणि हातांच्या शेकडो ठेवणी समोर असताना, ही सगळी आयुधे जवळ असूनही नसल्यासारखीच राहतात. चित्रकाराचे सामान मी एकाच गोष्टीवरून पारखतो: काहीतरी डोळ्यांत भरल्यापासून कागदावर पहिली रेघ उमटेपर्यंत किती वेळ जातो. तुझ्या या सॅकला, माझ्या अंदाजाने, चार मिनिटे लागतील, आणि तेवढ्यात ठाणे येऊन समोरची बाई उतरूनही गेलेली असेल.

वहीपासून सुरुवात करतो, कारण तुझे पैसे सर्वांत जास्त तिथेच गेलेले दिसतात. ए-५ आकाराचा कागद म्हणजे एक चौरस मीटरचा बत्तिसावा भाग. त्या हिशेबाने ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या, जलरंगाच्या कागदाचे एक पान जवळजवळ साडेनऊ ग्रॅमचे होते आणि अशा ४० पानांची वही, पुठ्ठा धरून, ४०० ग्रॅमच्या पुढे जाते. १५० जीएसएमची तेवढ्याच पानांची वही याच्या निम्म्यावर येते आणि रेघ, शाई व पातळ रंगाचा एखादा हात ती निमूट सोसते. जड कागदाची वही रविवारसाठी घरी ठेव. रोजच्या वहीचा कागद मात्र इतका महाग नसावा, की पान बिघडेल या धास्तीने हात आखडेल. तुझ्या तिन्ही वह्यांतली कापडी बांधणीची ती देखणी वही अजून कोरी आहे, हे तिच्या पांढऱ्याशुभ्र कडांवरून छायाचित्रातही कळते. मी तुझ्या वयाचा असताना पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेतून सुट्या कागदांचे ताव आणून, दुमडून, दाभणाने भोके पाडून वह्या शिवत असे. १९४० पासून चालत आलेल्या त्या संस्थेतला सुती चिंध्यांचा कागद शाई थोडी जास्त पितो, पण स्वतः शिवलेल्या वहीचा धाक वाटत नाही. तुला छंदच हवा असेल, तर मी हा सुचवेन.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढत, म्हणून त्यांच्या आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, ही गोष्ट तुझ्या कानांवर आलीच असेल. त्या वहीची पुढे चित्रमय रोजनिशी झाली. त्यांच्या १९४९ ते १९५१ या तीन वर्षांच्या रोजनिश्या छापून आल्या आहेत. ग्रंथालयात मिळाल्या तर जरूर चाळ. पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण रोज काय पाहत होता, कोणाला भेटत होता, एवढेच त्यांत आहे, आणि साधने म्हणशील तर ती एका खिशात मावतील.

आता पेने. सातांपैकी दोन ठेव आणि त्यांतले एक शाईचे असू दे. यात मी स्वतः हात पोळून घेतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांचे जुने फाउंटन पेन मला दहावीनंतर मिळाले आणि रेघ पाण्याने फुटू नये म्हणून मी त्यात बाटलीतली काळी इंडिया इंक भरली. त्या शाईत लाख असते. ती टाकाच्या निबेवर ठीक, कारण निब लगेच पुसता येते. पण पेनाच्या आतल्या केसाएवढ्या वाटांमध्ये ती वाळली की पाण्याने विरघळत नाही. आठ दिवसांत पेन कायमचे बसले आणि वडील काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागले. फाउंटन पेनसाठी मुद्दाम केलेली रंगकणांची जलरोधक शाई आता मिळते. ती वापरायची तर पेन रोज चालवावे लागते आणि अधूनमधून धुवावे लागते. एवढा उपद्व्याप नको असेल, तर शाळेत वापरत होतीस ती साधी, पाण्यात विरघळणारी शाई घे. रेघ ओढायची आणि तिच्या कडेने ओला ब्रश फिरवायचा. शाई फुटून जी सावली पडते, तिच्यासाठी वेगळी रंगपेटी उघडावी लागत नाही. लोकलमध्ये मी पाणी भरलेल्या दांड्याचा एक वॉटरब्रश आणि हे पेन यांपलीकडे कधी गेलो नाही.

चोवीस रंगांपैकी सहा तेवढे बाजूला काढ. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोन त्यांत हवेतच, कारण त्यांचे प्रमाण कमी-जास्त केले की गार राखाडीपासून ऊबदार काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा मिळतात, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांतली मुंबई बरीचशी याच छटांची असते. शिवाय एक लेमन यलो, एक यलो ओकर, एक शेंदरी अंगाचा लाल आणि एक गुलाबी अंगाचा. हा शेवटचा घेताना ट्यूबवरचे बारीक अक्षर वाच. रंगद्रव्याचा क्रमांक पीआर८३ असा लिहिला असेल, तर तो अस्सल अलिझारिन नावाचा लाल आहे आणि उजेडात तो फिका पडत जातो. मिटलेल्या वहीत त्याचे फारसे बिघडत नाही, पण उद्या तेच चित्र कोणी भिंतीवर लावले तर हा गुलाबी आधी उडेल. एरवी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वापरलेल्या रंगांचीही लाज वाटून घेऊ नकोस. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्यांपासून जो उद्योग सुरू केला, त्याच्याच उंटाच्या चित्राच्या ‘कॅमल’ पेट्यांवर आपल्याकडच्या कित्येकांचा हात बसला आहे.

पावसाळा आलाच आहे, म्हणून त्याचेही सांगून ठेवतो. रंगपेटी ओली असताना मिटू नकोस; दोन दिवसांत रंगांवर पांढरी बुरशी धरते. मधाचा अंश असलेले रंग आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत नीट वाळतच नाहीत आणि सॅक आडवी झाली की ओघळतात, तेव्हा परदेशी चित्रकारांनी कितीही वाखाणले तरी ते दिवाळीनंतर घे. कागदावर जो सरसासारखा लेप असतो, तो ओलाव्याने निकामी झाला की रंग टिपकागदावर पडल्यासारखा डाग होऊन पसरतो, आणि दोष मात्र आपण हाताला देतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव आणि नव्या चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या तिच्यात टाक. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा आण. टिश्यूपेक्षा तो दहापट बरा. पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन काळे चिमटे पुरतात.

टॅबलेटविषयी माझे मत विचारलेस. कामाला तो उत्तम आहे आणि तुझी पोटापाण्याची कामे पुढे बहुधा त्यावरच होतील. रोज तो वाहून आणायचा की नाही, हे त्या दिवशीच्या तासांवरून ठरव. युकुलेले घरी वाजव. हेडफोनबद्दल मात्र मी हट्टी आहे: चित्र काढताना ते कानांवर नकोत. महिलांच्या डब्यात मेथी निवडणाऱ्या बायका काय बोलतात, क्लिपा-टिकल्या विकणारी कशी हाक देते, हे कानांवर पडले तर मान कुठे वळणार आणि हात कुठे जाणार हे आधी कळते, आणि हलत्या माणसाच्या चित्रात अर्धे कौशल्य तेवढेच असते.

डब्यात माणसे काढताना एक पथ्य पाळ. छायाचित्र घेऊन त्यावरून घरी चित्र काढायचे, हे तिथे करू नकोस. झोपलेल्या बाईचा मोबाइलने काढलेला फोटो आणि तिची रेघांतली आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी अवघडल्यासारखे वाटले तर पेन थांबव, आणि कोणी डोकावून पाहिले तर वही झाकू नकोस, दाखव. माझ्या अनुभवात नऊ जणी हसतात आणि दहावी आपल्या मुलाचे चित्र काढून मागते. सुरुवात हातांपासून कर. वरची कडी धरलेला हात ठाण्यापासून दादरपर्यंत फारसा बदलत नाही.

आणि गाडीत जमलेच नाही, तर शेवटच्या स्थानकावर, सीएसएमटीला, दहा मिनिटे थांब. ज्या इमारतीतून तू रोज धावत बाहेर पडतेस, तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. तिच्या दगडी नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मोर, माकडे आणि पानांच्या वेली तुझ्याच वयाच्या कोणीतरी नीट पाहून घडवल्या आहेत. तिथे उभे राहायला सुरक्षित जागा म्हणजे भिंतीकडेची. गर्दीच्या ओघात वही उघडलीस तर लोक बोलतील आणि त्यांचेही बरोबरच असेल.

राहता राहिली तुझ्या छायाचित्रातली ती पितळी डबी, जिच्यात तू केसांच्या पिना ठेवल्या आहेस. आजीची चुन्याची डबी असावी असे वाटते. तिची उंची दीड सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर तिच्यात सहा हाफ पॅन, म्हणजे रंगाच्या वडीच्या छोट्या वाट्या, आरामात बसतील आणि ट्यूबमधला रंग त्यांत भरून चार दिवस उघडे ठेवले की तुझी खिशातली पेटी तयार. पॅनखाली चुंबक लावायच्या भरीला मात्र पडू नकोस; पितळेला चुंबक धरत नाही, तिथे दुतर्फी टेपच लागेल.

कळावे, लोभ आहेच.