स्वतःचा राउटर घेतल्याने भाडं खरंच सुटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या डब्याचं भाडं दर महिन्याला बिलात लागतं. त्याऐवजी एक छोटा संगणक घेऊन, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) टाकून तुम्हाला स्वतःचा राउटर उभा करायचाय. खर्च साधारण ३० महिन्यांच्या भाड्याइतका येईल, म्हणजे अडीच वर्षांत पैसे वसूल, असा तुमचा हिशेब. तुम्ही घरून काम करता आणि मागच्या खोलीत वाय-फाय रडतं, हेही लिहिलंय.

भागाकार बरोबर आहे. पण भाडं बंद होईल हे तुम्ही धरून चालला आहात, आणि माझी शंका नेमकी तिथेच आहे.

मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच डब्यात बसवलेली असली तरी: मोडेम बाहेरून आलेल्या लाइनचा सिग्नल वाचतो, राउटर ते इंटरनेट घरातल्या यंत्रांना वाटतो. फायबर कनेक्शन असेल तर मोडेमचं काम ओएनटी करतो; प्रकाशाचे सिग्नल वाचणारा हा डबा कंपनीच्या यंत्रणेत अनुक्रमांकासकट नोंदवलेला असतो. तुमचा राउटर त्याच्या पुढे बसतो, त्याची जागा घेत नाही. म्हणजे कंपनीचा डबा बहुतेक घरातच राहणार, आणि भाडं त्या डब्याचं असेल तर तेही राहणार. मग ३० महिनेच काय, ३०० महिन्यांतही पैसे वसूल होणार नाहीत. म्हणून खरेदीआधी कंपनीला ईमेलवर विचारा: भाडं नेमकं कशाचं आहे, माझा राउटर लावला तर महिन्याचं बिल किती कमी होईल, आणि अनामत रक्कम परत मिळेल का. फोनवरचं तोंडी आश्वासन हिशेबात धरू नका.

त्याच पत्रात ब्रिज मोडचंही विचारून घ्या, म्हणजे कंपनीचा डबा राउटरचं काम सोडून फक्त मोडेमचं करेल का ते. तो मिळाला नाही तर दोन राउटर एकामागे एक लागतात आणि डबल नॅट होतं, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. ब्राउझिंग, व्हिडिओ, मीटिंग यांना त्याने सहसा फरक पडत नाही, पण बाहेरून घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर उघडायचा असेल तर डोकेदुखी होते. लँडलाइन त्याच डब्याला जोडलेली असेल तर ब्रिज मोडमध्ये ती चालेल का, हेही विचारा. पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएन क्रमांक (कंपनीच्या लाइनवरचा तुमच्या इंटरनेटचा कप्पा), यातलं जे लागत असेल ते हातात असल्याशिवाय काही सुरू करू नका.

आता मागच्या खोलीकडे येऊ. लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. प्लॅनएवढा वेग आला तर लाइन ठीक आहे, अडचण फक्त वाय-फायच्या पोहोचेची आहे. तिथे केबलने जोडून वाय-फाय पुरवणारा एक साधा अ‍ॅक्सेस पॉइंट पुरतो आणि तो संगणकापेक्षा बराच स्वस्त पडतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वेग ९४-९५ वर अडकलेला दिसला, तर पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे किंवा केबलमधली एखादी जोडी तुटली आहे. आधी केबल बदलून पाहा. कधीकधी सगळा खर्च तिथेच वाचतो.

तुमच्या अंदाजपत्रकात दोन खर्च राहिलेत. छोट्या संगणकातलं वाय-फाय कार्ड घरभर सिग्नल पुरवण्यासाठी बनवलेलं नसतं, त्यामुळे वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट तसाही लागेलच. दुसरा खर्च विजेचा: १० वॉटचं यंत्र वर्षभर अखंड चालू ठेवलं की सुमारे ८८ युनिट होतात, आणि तुमच्याकडे तर दोन यंत्रं सतत चालू राहणार.

ओपनडब्ल्यूआरटीची निवड मात्र मला मनापासून पटते. २००४ पासून चालत आलेला हा प्रकल्प आहे. उत्पादकाने अपडेट देणं थांबवल्यावरही कित्येक राउटर त्याच्या जोरावर सुरक्षित चालतात, आणि यंत्र जितकी वर्षं चालेल तितका त्याचा वार्षिक खर्च उतरतो. पण त्यासाठी संगणकच हवा असं नाही. त्यांच्या यादीतला, १६ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि १२८ एमबी रॅम किंवा त्याहून जास्त असलेला तयार राउटर घेतलात तर वाय-फायही त्यातच मिळेल.

माझा सल्ला असा. भाडं पूर्ण सुटत असेल तर असा तयार राउटर घ्या. त्याची किंमत साधारण वर्षभराच्या भाड्यात बसत असेल तर हा चांगला व्यवहार आहे. भाडं सुटत नसेल तर संगणक हा छंदाचा खर्च आहे. जरूर करा, पण छंदासाठी ठेवलेल्या पैशातून. आणीबाणीच्या निधीला हात लावू नका, आणि ईएमआय तर मुळीच नको.

कंपनीचा डबा परत द्यायचा असेल तर नवा राउटर दोन-तीन आठवडे कामाच्या वेळात नीट चालू द्या, मगच द्या. लाइन बंद पडली की कस्टमर केअर बहुधा आधी त्यांचाच डबा लावून पाहायला सांगतं, आणि घरून काम करणाऱ्याला एक बुडालेला दिवस कित्येक महिन्यांच्या भाड्यापेक्षा महाग पडतो. परत करताना अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. पुढच्या दोन बिलांत भाड्याची ओळ गेली का ते पाहा. नसेल गेली तर पावती जोडून लगेच तक्रार करा.