तरुणपणी येणारा स्ट्रोक आणि उतारवयातला स्ट्रोक यांत फरक काय?
स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडणं. लक्षणं दोन्हींत तीच: तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ अडखळणं. फरक मुख्यतः कारणांत. उतारवयात बहुधा चरबी साचलेल्या रक्तवाहिन्या किंवा हृदयाचे अनियमित ठोके कारणीभूत असतात. ५० च्या आत मात्र मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटणं, हृदयाच्या पडद्यातलं छिद्र, रक्त गोठण्याचे विकार हेही तपासावं लागतं. मानेला हिसका बसला, दोन दिवस एकाच बाजूने मान दुखली आणि मग हातातला कप निसटला, असंही घडतं. बीपी, सिगारेट तर तरुणांनाही सोडत नाहीत. तरुण मेंदू सहसा जास्त सावरतो, पण मला खरी काळजी उशिराची वाटते. "या वयात कसला स्ट्रोक, मायग्रेन असेल" म्हणत माणूस झोपून राहतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देतात.