मायक्रोवेव्हचा रोजच्या स्वयंपाकात उपयोग होतो का? होतो, दाणे भाजण्यापासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की भेट मिळालेला मायक्रोवेव्ह वर्षभर नुसतं दूध आणि उरलेली भाजी गरम करतोय, आपल्या रोजच्या स्वयंपाकात त्याचा आणखी काही उपयोग आहे का. आहे, भरपूर आहे. फक्त त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे एकदा कळलं पाहिजे. आमच्याकडे तो बारा-तेरा वर्षं आहे, घरी सगळे त्याला 'मावे' म्हणतात, आणि माझा अनुभव असा की त्याचा खरा फायदा भाजण्यात आहे.

पहिल्यांदा शेंगदाणे भाजून बघा. एक वाटी दाणे काचेच्या पसरट भांड्यात एका थरात पसरा. एक मिनिट लावा, बाहेर काढून हलवा, पुन्हा एक मिनिट, पुन्हा हलवा. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या वर जाऊ नका. माझा 800 वॅटचा आहे, त्यात साडेतीन मिनिटांत होतात. तुमच्या यंत्रावर किती वॅट लिहिलंय ते बघून वेळ कमीजास्त करा. दरवेळी एक दाणा फोडून आतला रंग बघायचा, हे विसरू नका. मी सुरुवातीला सलग चार मिनिटं लावले होते. वरून साल छान गुलाबी, आणि फोडला तर आत काळपट तपकिरी. सगळं कूट कडू झालं. कढईत चटका बाहेरून आत जातो. इथे मायक्रोवेव्हच्या लहरी दाण्यातल्या ओलाव्याला तापवतात, उष्णता दाण्यातच तयार होते. बाहेरची हवा मात्र गारच असते, त्यामुळे साल निवत राहते आणि मधला भाग आधी करपतो. दाणे बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका, गार झाले की कुरकुरीत होतात.

हीच रीत रव्याला, चिवड्याच्या पातळ पोह्यांना, सुक्या खोबऱ्याच्या किसाला. थोडं घ्यायचं, थांबून थांबून हलवायचं.

आणि बेसन. याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून दिवाळीत गॅसपुढे अर्धा-पाऊण तास उभं राहून बेसन भाजणं त्यांना जमेना. लाडू विकत आणायचे ठरले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मग आम्ही दोघींनी मावेत करून बघितले. दोन वाट्या बेसन, पाऊण वाटी साजूक तूप, मोठं काचेचं भांडं. आधी दीड मिनिट, मग एकेक मिनिट, दरवेळी तळापासून नीट हलवून. त्या खुर्चीवर बसून हलवत होत्या. पाचव्या मिनिटाला घरभर वास सुटला, सातव्याच्या आतच त्या म्हणाल्या, "बास, आता काढ." बरोबर होतं त्यांचं, कारण बाहेर काढल्यावरही बेसन स्वतःच्याच गरमीनं आणखी भाजलं जातं, म्हणून हवा तो रंग येण्याच्या जरा आधी थांबायचं. वर दुधाचा हबका मारला, बेसन फसफसून रवाळ झालं. कोमट झाल्यावरच पिठीसाखर घातली. तेव्हापासून दरवर्षी लाडू घरचेच.

बाकीचं भराभर सांगते. उडदाचा पापड पाऊण ते एक मिनिटात फुलतो, तेल लागत नाही. मक्याचं कणीस सालासकट चार मिनिटं. एखाद-दुसरा बटाटा उकडायचा तर काट्यानं टोचून, चार-पाच मिनिटं, मग दोन मिनिटं तसाच झाकून ठेवा. लहरी दोन-तीन सेंटीमीटरच आत शिरतात, मधला भाग त्या मुरलेल्या उष्णतेवर शिजतो. पोळी गरम करायची तर ओलसर सुती फडक्यात गुंडाळून पंधरा सेकंद. जास्त वेळ ठेवलीत तर चामड्यासारखी होते.

चार माणसांची तुरीची डाळ मात्र यात लावू नका. पदार्थ वाढला की वेळही वाढत जातो, तिथे कुकरच बरा. फोडणी गॅसवरच करा. वांग्याचं भरीत यात होतं, पण विस्तवाचा तो धुरकट वास येत नाही, आणि त्याशिवाय मला ते भरीत वाटत नाही.

अन्नातली सत्त्वं जातात का, असंही तुम्ही विचारलंय. या लहरी अन्नात साठून राहत नाहीत. उलट भाजी कमी पाण्यात, कमी वेळात शिजल्यानं पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा जास्त टिकतात. काळजी घ्यायची ती भांड्यांची: स्टीलचा डबा, सोनेरी काठाची कपबशी आत नको, आणि आईस्क्रीमचे रिकामे डबे तर अजिबात नको. अंडं कवचासकट ठेवू नका, फुटतं. तान्ह्या बाळाची दुधाची बाटलीही यात गरम करू नका. दूध सगळीकडे सारखं तापत नाही, बाटली हाताला कोमट लागते आणि आत एखादा घोट पोळणारा असतो.

लसणीचा किंवा माशांचा वास राहिला तर वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, फोडही त्यातच टाकून तीन मिनिटं लावा, दार पाच मिनिटं बंदच ठेवा, मग ओल्या फडक्यानं पुसा. डागही सुटून येतात.