लॉफ्टचं काम आणि सामाईक भिंत: तोंडी सांगून भागत नाही

तुम्ही लिहिलंय की लंडनच्या हाउन्स्लोला टेरेसमधलं (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं) घर आहे, लॉफ्ट (छपराखालची जागा) वाढवायचाय, प्लॅनिंगची (काउन्सिलची बांधकाम) परवानगी लागत नाही, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या कानावर घातलंय आणि तीन आठवड्यांनी काम सुरू. जरा थांबा. प्लॅनिंगचा आणि सामाईक भिंतीचा संबंध नाही. इंग्लंड-वेल्समध्ये भिंतीला 1996 चा पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायदा लागतो. लॉफ्टच्या स्टील बीमची टोकं सामाईक भिंतीत बसणार असतील, तर निदान दोन महिने आधी दोन्ही शेजाऱ्यांना लेखी नोटीस द्यावीच लागते. (शेल्फसाठी भोकं, प्लास्टर, वायरिंग यांना लागत नाही.)

नोटिशीत तुमचं नाव-पत्ता, कामाचा तपशील आणि सुरुवातीची तारीख हवी. 'लॉफ्टचं काम' एवढंच लिहू नका; किती बीम, कुठे बसणार, तेही लिहा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांची नावं घाला. एकाच्याच नावाने काढलेली नोटीस बाद ठरू शकते. शेजारी भाडेकरू असेल तर मालकाचा पत्ता शोधा. फ्लॅट असतील तर लीजवाला (दीर्घ भाडेपट्ट्याने फ्लॅट घेतलेला) आणि फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक), दोघांनाही द्या.

14 दिवसांत लेखी होकार आला तर सर्व्हेयरचा (भिंतीचा वाद सोडवणाऱ्या तज्ज्ञाचा) खर्च वाचतो. शेजारी गप्प बसला तर तो होकार धरू नका, कायदा त्याला वाद मानतो. मग दोघांचा मिळून एक सर्व्हेयर किंवा ज्याचा त्याचा वेगळा, आणि फी बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून. म्हणून नोटीस हातात द्यायला स्वतः जा, नकाशा सोबत न्या.

होकार मिळाला तरी त्यांच्या बाजूचे फोटो काढून ठेवा, ही पायरी मुळीच गाळू नका. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात केसाएवढी चीर बऱ्याचदा असते. तिच्याशेजारी पट्टी धरून तारखेसह फोटो घ्या आणि एक प्रत त्यांना द्या. बीमसाठी विटा फोडताना हादरे बसले की लक्ष त्या चिरेकडेच जातं, आणि ती जुनी की नवी हे नंतर सांगणं कठीण जातं.

तुमची तारीख वाचवायची तर नोटिशीसोबत दोन महिन्यांच्या आत सुरू करायला लेखी संमतीही मागा. दोघांनी दिली तर ठीक. दोघांपैकी एकाने जरी दिली नाही तर स्कॅफोल्डिंगवाल्याला आजच पुढची तारीख सांगा. नोटिशीशिवाय सुरू केलेलं काम शेजारी कोर्टातून थांबवू शकतो, आणि तेव्हा तुमचं छप्पर उघडं असेल.