मांगा वाचून शेतकीला जायचं म्हणणारा मुलगा

‘एका कार्टूनच्या पुस्तकाने पोराचं डोकं फिरवलं,’ समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेले वडील खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. आईची काळजी वेगळी होती. ‘बाकीच्यांच्या मुलांना काय व्हायचंय ते ठाऊक असतं. ह्याला विचारलं की गप्प. आणि आता एकदम शेती!’

मुलगा अकरावीत, घर पिंपरी-चिंचवडला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीला उत्तम गुण, लगेच जेईईचा इंटिग्रेटेड क्लास, तिथे पहिल्या तीन चाचण्यांत वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये. नोव्हेंबरात त्याने क्लासला जाणं सोडलं. दार लावून तीन आठवडे एक जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, वाचली, सगळे १५ खंड, आणि एका रात्री जेवताना सांगितलं, ‘मला अ‍ॅग्रीला जायचंय.’ घरात सात-बारावर कुणाचं नाव नाही, आजोबांनी जमीन विकून चाळीस वर्षं झालेली.

अशी घरं वरचेवर येतात. कधी मालिका असते, कधी यूट्यूबवरचा एखादा शेतकरी, कधी मांगा. पालकांचा प्रश्न एकच असतो: हे खरं आहे की पळवाट? आमच्या मते हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायला बसू नये. त्याच्याआधी दुसरं एक काम असतं.

पहिली भेट मुलाशी एकट्याशी झाली आणि तीत पुस्तकाचा विषय काढलाच नाही. झोप किती आणि कोणत्या वेळेला, जेवण, वजन, आंघोळ, मित्र, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता आवडतात का, आणि शेवटी सरळ शब्दांत: जगू नये असं वाटतं का? असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते येईल ही भीती पालकांना असते. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने मुलं मोकळी होतात. याची झोप रात्री दोन ते सकाळी अकरा अशी सरकली होती, पण भूक नीट होती, रविवारचा फुटबॉल सुटला नव्हता आणि मरणाचे विचार नव्हते. असते तर करिअरची चर्चा तिथेच थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री घरच्यांना मदत लागली तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो फोनमध्ये साठवून ठेवायला सांगितला.

दुसऱ्या भेटीला त्याला पुस्तकं घेऊन यायला सांगितलं.

मांगाचं नाव ‘गिन नो साजी’, म्हणजे चांदीचा चमचा. इंग्रजीत ‘सिल्व्हर स्पून’. हिरोमु अराकावा यांची ही चित्रकथा २०११ ते २०१९ या काळात ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात येत होती. अराकावा होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातल्या, स्वतः कृषी शाळेत शिकलेल्या, चित्रकार होण्याआधी सात वर्षं घरच्याच गोठ्यात राबलेल्या. त्यामुळे शेण, पहाटेची थंडी आणि कर्ज या तिन्ही गोष्टी पानांवर खऱ्या उतरल्या आहेत. नायक युगो हाचिकेन साप्पोरोच्या एका स्पर्धेच्या शाळेतून थकून बाहेर पडलेला. तो एझो कृषी विद्यालयात जातो ते शेतीच्या ओढीने मुळीच नाही. तिथे वसतिगृह आहे आणि घरापासून, वडिलांच्या नजरेपासून लांब राहता येईल, एवढंच कारण. जपानमध्ये पंधराव्या वर्षी, नववीनंतर, मुलं थेट अशा तीन वर्षांच्या कृषी शाळेत जाऊ शकतात. पहाटे उठून गोठा, कोंबड्या, डुकरं, आणि मग वर्ग. अंडं कोंबडीच्या कुठून येतं हे प्रत्यक्ष बघितल्यावर हाचिकेनची भूकच जाते.

आम्ही त्याला एकच विचारलं: कोणतं पान पुन्हा पुन्हा उघडलंस? आवडतं पान विचारलं तर मुलं समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. पुन्हा उघडलेलं पान दुमडलेलं असतं, ते लपत नाही.

त्याने बेकनचं पान दाखवलं नाही, घोड्यांच्या शर्यतीचंही नाही. हाचिकेन उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गमैत्रीण मिकागेच्या घरच्या गोठ्यात कामाला असतो. दूध काढताना तो पाइप जोडायला विसरतो आणि टाकीत जायचं दूध जमिनीवर वाहून जातं. तरीही त्याला ठरलेली मजुरी मिळते. ‘त्याला कुणी बोललं नाही,’ मुलगा म्हणाला. मग बराच वेळ तो खंडाचा कोपरा बोटाने सरळ करत बसला.

इथे प्रकरणाची दिशा कळली. त्याला शेती आवडते की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. चूक झाली तरी आपली किंमत कमी होत नाही अशी जागा त्याला हवी होती. क्लासमध्ये दर पंधरवड्याला बॅच बदलत होती आणि घरी जेवताना रँक विचारली जात होती.

आईच्या काळजीचं उत्तरही याच कथेत होतं, म्हणून तिलाही वाचायला सांगितलं. ‘बाकीच्यांना ठाऊक असतं’ हे हाचिकेनलाही वाटतं. वर्गातल्या बहुतेकांचं ठरलेलं असतं, त्याचं काहीच नसतं, आणि त्याला त्याची लाज वाटते. पण पुढे काय दिसतं? आयकावाला पशुवैद्य व्हायचंय, पण रक्त बघितलं की तो कोसळतो. मिकागे घरची एकुलती वारस. तिला घोड्यांसोबत काम करायचंय, पण गोठा मला नको हे तिला घरच्यांना सांगताच येत नाही. कोमाबाला बेसबॉल खेळून घरचा गोठा वाचवायचा आहे. त्याच्या घरचा व्यवसाय कर्जात बुडतो आणि तो शाळा सोडून जातो. त्या कर्जाची झळ मिकागेच्या घरालाही बसते, कारण शेजारधर्म म्हणून ते हमीदार झालेले असतात. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सोळाव्या वर्षी स्वप्न नसणं हा आजार नाही, आणि स्वप्न असलेल्या मुलांचंही पुढे सुरळीत होतंच असं नाही. उलट ज्याच्यावर काही लादलेलं नाही, त्या हाचिकेनला मिकागेच्या बाजूने बोलता येतं. हे वाचून आई म्हणाली, ‘म्हणजे ह्याला काही ठरवलेलं नाही, ह्यात वाईट काही नाही?’ नाही, काही वाईट नाही.

मग तीन गोष्टी ठरल्या. पहिली, सहा आठवडे निर्णय बंद: क्लास सोडायचा की नाही, कोणती शाखा, यावर घरात कुणीच बोलायचं नाही. कॉलेज आणि बारावीचा पाया चालू, क्लासची फक्त गणित-भौतिकची बॅच चालू. दुसरी, झोप दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणायची. तिसरी, प्रत्यक्ष काम.

या तिसऱ्या गोष्टीत पालक हमखास चुकतात. शनिवार-रविवार गावाला नेतात, हुरडा खाऊ घालतात, ट्रॅक्टरवर फोटो काढतात आणि ‘बघ, झेपणार नाही तुला’ म्हणत परत आणतात. दोन दिवसांत ना आवड कळते ना नावड. पहिले चार दिवस सगळं नवीन म्हणून छान वाटतं, पाचव्या-सहाव्या दिवशी अंग मोडून येतं, आणि खरं काय ते त्याच्या पुढे कळतं. म्हणून किमान चौदा दिवस, मध्ये एखादी वाईट गोष्ट घडायला वाव मिळेल इतके. जागा शक्यतो ओळखीची, पण आई-वडील सोबत नकोत. काम ठरलेलं आणि रोजचं असावं. ‘पाहुणा पोरगा’ म्हणून बाजेवर बसवणारं घर उपयोगाचं नाही. रोज संध्याकाळी वहीत दोनच नोंदी: आज हातून काय झालं, आणि पैशाचा हिशेब. भावना लिहायला सांगत नाही. त्या हिशेबाच्या कडेने आपोआप उतरतात.

संगमनेर तालुक्यात आईच्या मामेभावाचा नऊ संकरित गायींचा गोठा होता. मामांना फोनवर एवढंच सांगितलं, की त्याला लाडावू नका आणि घालूनपाडून बोलू नका. पहाटे साडेचारला शेण काढणं, गव्हाणीत वैरण, कास धुणं, मग यंत्राने धार.

चौथ्या दिवसाचा हिशेब वहीत असा आहे. दिवसाला १२ लिटर देणारी गाय. खुराक: तिच्या अंगासाठी दीड किलो, शिवाय प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हणजे ६.३ किलो. तिथल्या त्या वेळच्या भावाने, ३० रुपये किलोने, १८९. हिरवा चारा २० किलो ६० रुपयांचा, कडबा ५ किलो ४० रुपयांचा. एकूण २८९. दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागून ३० रुपये मिळाले, तर ३६०. उरले ७१. खाली पेन्सिलने: ‘यात डॉक्टर नाही, मजुरी नाही, भाकड काळ नाही. मामींचे तास कुठे धरायचे?’

हे शेवटचं वाक्य त्याच्या बाबांना आम्ही मुद्दाम वाचून दाखवलं. पळून आलेलं मूल असा प्रश्न सहसा विचारत नाही.

गोठ्यात दोन महिन्यांचा एक गोऱ्हाही होता. त्याचं पुढे काय होणार, हे मुलाने सहाव्या दिवशी विचारलं. मुलाचं घर शाकाहारी, अंडंही न येणारं. त्या मांगातला हाचिकेन कळपातल्या सर्वांत लहान पिलाला नाव देतो, ‘बुताडोन’, म्हणजे डुकराच्या मांसाचा भात. त्याची वेळ आल्यावर तो नजर फिरवत नाही, उन्हाळ्याच्या कमाईतून त्याचं मांस स्वतः विकत घेतो. आपल्याकडे प्रश्न तोच, फक्त त्याला उत्तर नाही. २०१५च्या कायद्यानंतर बैल-वळू कापण्यावरही राज्यात बंदी आहे, संकरित गोऱ्ह्याला औताला कुणी जुंपत नाही, म्हणून तो शेतकऱ्याच्या खर्चावर वाढतो किंवा कुठेतरी सोडून दिला जातो. मामांनी हे जसं आहे तसं सांगितलं. कालवडीच व्हाव्यात म्हणून लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरतात, त्या महाग पडतात, हेही सांगितलं. मुलाने त्या रात्री जेवण अर्धं ठेवलं आणि पहाटे उठून कामाला गेला.

नवव्या दिवशी वाईट गोष्ट घडली. धारेआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळा काळ्या ताटलीत काढून बघतात, कारण काळ्यावर गुठळी लगेच दिसते. एका गायीच्या मागच्या डाव्या सडातून दह्यासारखे कण आले. कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला आलेली सूज. धार झाल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. तेवढ्या वेळात गाय शेणात बसली तर जंतू आत जातात. म्हणून धार संपते त्या वेळी गव्हाणीत ताजी वैरण हवी, म्हणजे ती उभ्यानेच खात राहते. आदल्या दिवशी संध्याकाळी वैरण टाकायचं काम याचं होतं आणि तो विसरला होता. कासदाहाला एवढं एकच कारण नसतं, त्यामुळे याच्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकत नाही. त्याने मात्र ते धरलं.

मामा म्हणाले, ‘उद्यापासून आधी गव्हाण भर, मग धारेला बस.’ एवढंच. पण सडात ट्यूब सोडल्यावर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्या गायीचं दूध संकलन केंद्रावर घालता येत नाही, आणि ते रोज दोन वेळा ओतून द्यायचं काम त्यांनी त्याच्याकडेच ठेवलं. मुलाला हवी असलेली जागा नेमकी अशी होती: बोलणी नाहीत, पण चुकीची किंमत आपल्या हाताने मोजायची. घरी रँकवरून होणाऱ्या बोलण्यात यातलं पहिलं जास्त होतं आणि दुसरं अजिबात नव्हतं.

परत आल्यावरची बैठक वडिलांसाठी अवघड होती. ते आठव्या खंडापर्यंत पोचले होते. हाचिकेनचा मोठा भाऊ तोक्यो विद्यापीठात जाऊन ते सोडून देतो आणि रामेन शिकायला लागतो. ते वाचून त्यांनी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं. आम्ही त्यांना पुढचा भाग सांगितला: हाचिकेन नंतर स्वतःच्या वराह व्यवसायासाठी वडिलांकडे भांडवल मागतो, आणि वडील मुलगा म्हणून सूट न देता योजना मागतात. त्याच धर्तीवर मुलाने एक पान लिहून आणावं असं ठरलं: काय शिकायचं, कुठे, किती वर्षं, खर्च, आणि नाही जमलं तर काय.

ते पान तीनदा परत गेलं. पहिल्यांदा त्यात ‘पशुवैद्य’ होतं. पण त्याचा जीवशास्त्र विषयच नव्हता आणि पशुवैद्यकाला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते, म्हणजे ते दार बंद. दुसऱ्यांदा नुसतं ‘बीएस्सी अ‍ॅग्री’. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांत आहे; बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) चालतं. पण वहीत वारंवार काय येत होतं ते त्याला दाखवलं: धारयंत्राचा निर्वात दाब, पल्सेटर (तो दाब आलटून-पालटून चालू-बंद करणारा भाग), नळ्या धुण्याचा क्रम (आधी कोमट पाणी, मग गरम अल्कली, पुन्हा पाणी, मग आम्ल). तेव्हा तिसऱ्या मसुद्यात दुग्धतंत्रज्ञानाची बीटेक आली, वरूड-पुसद किंवा उदगीर. त्याखाली अन्नतंत्र, मग कृषी, आणि सर्वांत शेवटी मेकॅनिकल, बाबांच्या शेजारी बसून लिहिलेलं.

जेईईचा क्लास सुटला, सीईटीची तयारी चालू झाली. बारावीच्या पहिल्या सहामाहीत त्याचे रसायनशास्त्राचे गुण पुन्हा घसरले, तेव्हा जेवताना कुणी काही विचारलं नाही. तो आपणहून सांगायला दोन दिवस लागले. कोणता कोर्स, हे अजून पक्कं नाही. दर रविवारी तो मामांना फोन करतो. त्या गायीचं मागचं डावं सड वाचलं नाही, ती आता तीन सडांवर दिवसाला नऊ लिटर देते.