चक्रीवादळाच्या वेळी शेजारच्या वृद्ध आणि दिव्यांग माणसांना हलवायची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: वर्सोव्यात समुद्राजवळ तुमची चार मजली सोसायटी, बाजूला बैठी चाळ, दोन्हीकडे मिळून काही एकटे आजी-आजोबा आणि व्हीलचेअरवरचे एक काका. वादळ आलं तर यांना बाहेर कसं काढायचं? मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशाच घरांत माझं रोजचं जाणं-येणं असतं, त्या अनुभवावरून सांगते.

आधी कुणाला हलवायचं नाही ते ठरवा. इमारत आरसीसीची आणि धड असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिन्यावरून उतरवण्यापेक्षा काचांपासून लांबच्या खोलीत ठेवणं बहुतेक वेळा जास्त सुरक्षित. हलवायचे ते चाळीतले, पत्र्याखालचे, तळमजल्यावरचे, आणि ज्यांचा श्वास विजेच्या यंत्रावर चालतो ते. पालिकेनेच इमारत रिकामी करायला सांगितली, तर मात्र वाद घालू नका.

मग वेळ. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा पहिला इशारा साधारण ४८ तास आधी येतो, पुढचा २४ तास आधी. धडधाकट माणूस दुसऱ्यावर निघाला तरी चालतं. ज्याला उचलून न्यावं लागतं त्याने पहिल्यावरच निघायचं, तेही दिवसाउजेडी. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईवर धडकलंसुद्धा नव्हतं, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले, सी लिंक बंद ठेवावा लागला, जागोजागी झाडं पडली. अशा दुपारी रिक्षा मिळत नाही, आणि १०८ ची गाडी अत्यवस्थ रुग्णांसाठी लागते, तिच्यावर भरवसा ठेवून बसू नका.

लिफ्ट बंद असणार हे धरूनच चाला. प्रत्येकासाठी उचलणारे दोघे-तिघे आत्ताच नावानिशी ठरवा, 'पोरं येतील की' यावर सोडू नका. प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, तिरकी केली की तिचे पाय वाकतात. हातांची मजबूत लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, ओढणीने छातीशी आणि मांड्यांशी बांधा. उतरताना माणसाचं तोंड खालच्या दिशेला, खुर्ची किंचित मागे कललेली, सगळ्यात ताकदवान माणूस वरच्या बाजूला. व्हीलचेअर उचलायची तर मूळ सांगाड्याला धरा. पाय ठेवायच्या पट्ट्या ऐनवेळी हातात येतात. एका रविवारी रिकामी खुर्ची जिन्यावरून उतरवून बघा, वळणावर अडते का ते कळेल.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते: संडास. तात्पुरता निवारा बहुधा पालिकेच्या शाळेत असतो आणि तिथे भारतीय पद्धतीचं शौचालय निघण्याची शक्यता मोठी. गुडघे बदललेली बाई तिथे बसू शकत नाही. मग ती पाणी पिणं बंद करते, आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या म्हाताऱ्या माणसाला ते फार लवकर भोवतं. कमोड खुर्ची, डायपर, एक जुनी साडी पडद्यासाठी, एवढं सामानात पहिलं जाऊ द्या. 'मी मेले तरी घर सोडणार नाही' म्हणणाऱ्या कितीतरी आज्यांच्या हट्टामागे हीच लाज असते. ती सोय आधी दाखवली की हट्ट बराच सैल होतो. नातेवाइकाचं कमोडवालं घर जवळ असेल तर शाळेपेक्षा तेच बघा.

बाकीचं थोडक्यात: आठवड्याची औषधं, चिठ्ठ्यांचे फोटो, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवायचं नाही, गोठलं की निकामी. डायलिसिस असेल तर केंद्राला विचारून पाळी अलीकडे घ्या. ऑक्सिजन यंत्रासोबत भरलेला सिलिंडर हवा. विसरभोळ्या आजोबांच्या खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याकडे माणूस पाठवा. भोंग्यावरची घोषणा त्यांच्या उपयोगाची नाही.

यादी करून वॉर्ड ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते, त्यामुळे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. ऐनवेळी पालिकेचा नियंत्रण कक्ष १९१६ वर. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, म्हणून यादी एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये ताजी करा. आणि त्यात नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारा.