'एऑन'ला मराठीत काय म्हणायचं? युग नको, कल्पही नको

प्रश्न असा आला आहे: ब्रिटिश गणितज्ञ-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांच्या चक्रीय विश्वाच्या कल्पनेत एका महास्फोटापासून पुढच्या महास्फोटापर्यंतच्या अवधीला 'एऑन' म्हणतात. मराठीत त्याला युग म्हणावं की कल्प? आणि 'ब्लॅक होल'ला कृष्णविवर हा शब्द चालेल का?

कृष्णविवर चालेल. रुळलेला, नेमका शब्द आहे.

युग मात्र मुळीच नको. मोबाइलचं युग, स्पर्धेचं युग, जाहिरातयुग असं दहा-वीस वर्षांच्या कशालाही आपण म्हणतो. तोच शब्द विश्वाच्या अख्ख्या कारकिर्दीला चिकटवलेला पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, आणि दर वेळी चीड येते.

कल्पाचं दुखणं वेगळं आहे. त्याला आकडा आहे, ४३२ कोटी वर्षं. एकटी पृथ्वीच ४५४ कोटी वर्षांची. पेनरोजच्या एऑनमध्ये कृष्णविवरंसुद्धा हॉकिंग प्रारणाने, म्हणजे त्यांच्यातून अतिशय मंद गतीने झिरपणाऱ्या ऊर्जेने, विरून जावी लागतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराला त्यासाठी एकावर सदुसष्ट शून्यं इतकी वर्षं हवीत, सगळ्यांत अजस्र कृष्णविवरांना एकावर शंभर शून्यांच्या घरात. तिथे कल्प कुठे पुरणार? 'महाकल्प' सुचवणारेही आहेत. पण भूशास्त्राने तो मध्यजीव महाकल्पासारख्या (डायनोसॉरांचा काळ) नावांत आधीच खर्चून टाकला आहे, आणि मध्यजीव महाकल्प भरतो जेमतेम १८-१९ कोटी वर्षं. 'महा' लावूनही कल्पाच्या विसाव्या हिश्श्याला न पोचणारी परिभाषा मला मान्य नाही.

आता मूळ शब्दाकडे या. ग्रीक 'आयॉन'चा जुना अर्थ अनंतकाळ नव्हे. होमरच्या काव्यात तो माणसाचा प्राण, त्याचं आयुष्य. आणि तो आपल्या 'आयुस्'चा सख्खा भाऊबंद! लॅटिन 'एवुम' त्याच घरातलं, आणि त्यातूनच पुढे इंग्रजी 'एज' निघालं. म्हणजे पेनरोजनी नकळत आयुष्यच म्हटलं आहे.

मराठीत या आयुष्याचं बोलीतलं रूप औक्ष. आजी 'औक्षवंत हो' म्हणते ते हेच. आणि माझं ठाम मत आहे की औक्षण याच औक्षावरून आलं. काही संस्कृतज्ञ ते 'उक्ष्' म्हणजे शिंपडणे या धातूकडे नेतात. त्यांनी भाऊबीजेचं ताट एकदा नीट पाहावं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. आधी सुपारी आणि अंगठी ओवाळतात, मग निरांजन. पाण्याचा थेंब कुठे आहे? शिंपडणं नसलेल्या विधीला शिंपडण्याचं नाव कोण देईल? भावाला औक्ष मागायचं म्हणून औक्षण. बहिणीला हे सांगावं लागत नाही. धातुपाठ हातात धरून मराठी शब्दाच्या पाठीस लागलं की असं होतं. आधी बोलीत विचारावं, मग व्याकरणात.

तर एऑन. आयुष्य हा अर्थ तिथे भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही चपखल बसतो. पेनरोजच्या मते दूरच्या भविष्यात कृष्णविवरं विरतील, वस्तुमान असलेले कण उरणार नाहीत, राहतील फोटॉनसारखे (प्रकाशाचे) वस्तुमानहीन कण. वस्तुमान नाही तर घड्याळ नाही, घड्याळ नाही तर लहान-मोठं मोजायला माप नाही. मग अतिविशाल, थंड शेवट आणि पुढचा तप्त महास्फोट यांची सांधेजोड गणितात करता येते. काळ मोजणारंच कोणी उरलं नाही की विश्वाचं आयुष्य सरलं. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ती पटतही नाही. शब्द नेमका असायला तेवढं कारण आड येत नाही.

आवर्तन हा शब्दही इथे नको, कारण पेनरोजचं विश्व आकुंचन पावून मागे फिरत नाही. तो शब्द नारळीकर, हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांनी १९९३ साली मांडलेल्या विश्वासाठी राखावा. तिथे प्रसरण-आकुंचनाची खरीखुरी आवर्तनं आहेत.

म्हणून एऑनसाठी माझा शब्द विश्वायू. मराठीत लिहिताना वायूसारखा शेवटचा 'यू' दीर्घ काढा. 'मागल्या विश्वायूतली कृष्णविवरं' असं वाक्य सहज चालतं.